हात पाठीमागे

झाकण खण्णकन पडलं आणि फरशीवर गोल गोल फिरत राहिलं. फिरता फिरता त्याचा आवाज बारीक होत गेला, शेवटी थरथरला आणि थांबला. घर अजून निजलेलं होतं. सगळे उठायच्या आत मिळणारा तेवढाच वेळ इरावतीचा स्वतःचा, आणि त्यात ती आज परीक्षेआधी बोलायच्या चार ओळी जुळवत बसली होती. आवाज ऐकताच ती उठून स्वयंपाकघरात गेली.

जुई ओट्यावर उभी होती. एक पाय मिक्सरच्या बाजूला, दुसरा खिडकीच्या कठड्यावर, आणि हात वरच्या फळीवरच्या डब्यात. संक्रांतीचे तिळाचे लाडू तिथे ठेवले होते, तिच्या हाताला लागू नयेत म्हणूनच. इरावतीनं तिला काखेत धरून खाली ठेवलं.

"मैं उतर ही रही थी ना, आई," जुई म्हणाली. तिच्या हातात लाडू होता आणि चेहऱ्यावर लाज अजिबात नव्हती.

सहा वर्षांची जुई मराठी सगळं समजायची, पण उत्तर बहुतेक हिंदीत द्यायची. फार मनापासून काही सांगायचं असलं की तिची मराठी बाहेर यायची, तीही अर्धी शाळेतली आणि अर्धी आजीची.

आजी, म्हणजे शारदाबाई, तोवर दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. डोळ्याच्या ऑपरेशनमुळे काळा चष्मा लावलेला, पण त्या चष्म्यातून त्यांना हवं ते सगळं दिसत होतं.

"दुनियेच्या पोरायले झाडावर चढवाची शाळा काढली," त्या म्हणाल्या, "अन् घरची पोट्टी ओट्यावरून उतरते, तर हिचा जीव जाते."

इरावती हसली. सासूबाईंच्या असल्या बोलण्याला हसून सोडून द्यायचं, हे ती लग्नानंतर पहिल्याच वर्षी शिकली होती. शिवाय आज भांडायला वेळ नव्हता. तिचा नवरा श्रीपाद आईला डोळे दाखवायला घेऊन जाणार होता, जुईच्या शाळेला सुट्टी होती, आणि इरावतीला परीक्षा घ्यायची होती. त्यामुळे जुईला बरोबर नेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. स्कूटरवर पुढे जुईला उभी करून ती रायपूरच्या तेलीबांध्याहून निघाली तेव्हा तलावावर धुकं होतं. जुई रस्ताभर बोलत होती. पाण्यातल्या बगळ्यांना थंडी वाजते का, ट्रकवर लिंबू-मिरची कोण बांधतं, ढग उतरले तर त्यांना कुठे बसवायचं. इरावती हो-नाही करत गाडी चालवत होती. तिच्या मनात देवीदास होता, आजचा परीक्षार्थी.

नव्या रायपुरातल्या त्या संस्थेत प्रशिक्षक तयार व्हायचे. पुढे शाळांच्या शिबिरांतून मुलांना रानात, डोंगरावर, पाण्याकाठी घेऊन जाणारे. दोराच्या गाठी, तंबू ठोकणं, नाला ओलांडणं, मोडलेल्या हाताला पट्टी बांधणं, हे शिकवायला दुसरी माणसं होती. इरावतीकडे होता तो विषय, ज्याला वर्गातली पोरं आपसात 'काहूनचा तास', म्हणजे 'का'चा तास, म्हणायची. मुलांना बाहेर काहून न्यायचं. नेल्यावर आपण काय करायचं. आणि मुख्य म्हणजे काय करायचं नाही.

पहिल्या तासाला ती वर्ग रस्त्यावर न्यायची. सरकारी इमारतींकडे जाणारा तो रस्ता इतका रुंद होता, की पलीकडच्या माणसाला हाक मारायची तर आधी दम घ्यावा लागे. पण हाक मारायला पलीकडे माणूसच नसे. दुभाजकावर एका रेषेत लावलेली झाडं, प्रत्येकाला लोखंडी पिंजरा. चौकाचौकात पाट्या. मधूनच एखादी बस, तीही अर्धी रिकामी.

"बाहेर कुठून सुरू होतं, सांगा," ती विचारायची.

यंदाच्या वर्गातली सोनिया तोंडाळ होती. ती म्हणाली होती, "दीदी, इथं हरवाचं म्हटलं तरी आधी परवानगी काढा लागंल." सगळे हसले होते, इरावतीही. मग तिनं आपलं म्हणणं सांगितलं होतं. छप्पर नसलं म्हणजे बाहेर झालं असं नाही. पुढे काय होईल ते जिथं कोणालाच आधी ठाऊक नसतं, शिकवणाऱ्यालाही नाही, ते बाहेर. मुलाला तिथं न्यायचं, आणि मग त्याच्यात आणि त्या जागेत आपण मध्ये यायचं नाही.

हे सांगायला सोपं होतं. करायला कठीण, म्हणून तिनं वर्गात एक पद्धत पाडली होती. मुलांबरोबर सराव करताना प्रत्येकानं आपला गमछा पाठीमागे दोन्ही हातांत धरायचा. मूल कुठे चढतंय, उतरतंय, ओल्या दगडावर पाय टाकतंय, तोवर गमछा सोडायचा नाही. हात रिकामे असले की ते आपल्याला न विचारता पुढे जातात, असं तिचं म्हणणं. आधी जागा तपासा. फांदी हलवून बघा, पाण्यात काठी घालून बघा, खाली काय आहे ते बघा. तिथं जितकं डोकं चालवायचं तितकं चालवा. मग मुलाला सोडा आणि हात पाठीमागे. धोका आपला, भीती पोराची. धोका आपण आधीच उचलून बाजूला ठेवायचा, पण भीती उचलायची नाही, ती पोराचीच आहे, तिचं काय करायचं ते त्याला ठरवू द्यायचं.

हे वाक्य पोरांना आवडलं होतं. कोणीतरी ते वसतिगृहाच्या भिंतीवर खडूनं लिहिलंही होतं.

फक्त देवीदासनं विचारलं होतं. तो मागच्या बाकावर बसायचा, फारसा बोलायचा नाही. "दीदी," तो म्हणाला होता, "पण दूरून पाहाले दोन्ही एकसारखेच दिसते. पोट्टं ओरडलं, तर भीतीनं ओरडलं का धोक्यानं, हे हाताले कसं समजंल?"

तिनं सांगितलं होतं की जागा नीट तपासली असेल तर हात आपोआप थांबतो. तिचं उत्तर तयार होतं आणि तिनं ते लगेच देऊन टाकलं. देवीदासनं मान हलवली होती. पटलं म्हणून की दीदींशी वाद कशाला म्हणून, ते कळलं नव्हतं.

देवीदासचे वडील भंडाऱ्याकडून रायपूरजवळच्या उरल्याला आले आणि तिथल्या एका रोलिंग मिलमध्ये लागले. देवीदासही बारावीनंतर तिथं हेल्पर होता. लाल तापलेली सळई पट्ट्यावरून धावत येते, कधी वळते, कधी उसळते. तिथं एकच रीत, बाजूचा माणूस धोक्यात दिसला की आधी त्याचा हात ओढायचा, विचारायचं मागून. ती रीत त्याच्या अंगात मुरली होती. त्याच्या हातांनी मिलमध्ये दोन माणसं वाचवली होती, आणि त्याच हातांनी त्याला मागच्या वेळी परीक्षेत नापास केलं होतं. नाल्यात एका मुलाचा पाय शेवाळावरून जरा सरकला, पाणी घोट्याएवढं, तरी गमछा टाकून देवीदासनं त्याला उचललं. संस्थेत दोनच संधी मिळत. आज दुसरी होती. पास झाला तर अमरकंटकाच्या बाजूला एका शिबिरात जागा ठरलेली होती. नाही झाला तर वडिलांनी मिलच्या ठेकेदाराशी बोलून ठेवलं होतं.

परीक्षेची जागा त्यानंच निवडली होती. नव्या शहराच्या नकाशात जी जुनी गावं तशीच राहून गेली, त्यातल्या एका गावाच्या तलावाकाठी एक आंब्याचं झाड होतं. थोराड, खाली वाकलेल्या फांद्यांचं, चढायला बोलावणारं. त्याला मोहोर आला होता. आदल्या दिवशी येऊन देवीदासनं एकेका फांदीला लटकून पाहिलं होतं, एक वाळकी फांदी तोडून टाकली होती, खाली गावातून मागून आणलेला धानाचा पेंढा जाड पसरला होता. वरच्या एका फांदीला लाल चिंधी बांधली होती. तिच्या वर कोणी जायचं नाही. तिच्या खाली मात्र ज्याला जसं जमेल तसं.

पारातली, म्हणजे त्या गावच्या वस्तीतली, मुलं आली. गावच्या शाळेच्या गुरुजींनी ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत दिली होती. परीक्षक दोघं, इरावती आणि संस्थेचे प्रमुख यशवंतराव. यशवंतराव आयुष्यभर शाळेत खेळ शिकवून निवृत्त झालेले, आवाज असा की शिटीची गरज नाही. त्यांनीच म्हटलं, पोट्टीला इथं एकटी कशाला बसवतेस, खेळू द्या पोरांसोबत. जुईनं परवानगीची वाट पाहिलीच नाही. ती आधीच पेंढ्यावर कोलांट्या मारत होती.

देवीदासनं मुलांना दोन गोष्टी सांगितल्या. चिंधीच्या वर नाही, आणि एका फांदीवर एकाच वेळी दोघं नाहीत. मग तो झाडापासून थोडा दूर जाऊन उभा राहिला. गमछा पाठीमागे. इरावतीला त्याचे हात दिसत होते. बोटं पांढरी पडेपर्यंत आवळलेली.

मुलं चढली. पारातली मुलं चढणारच, त्यांना झाड नवं नव्हतं. पण त्यांच्या मागोमाग जुईही चढली. घरात ओट्यापलीकडे जिला उंची ठाऊक नव्हती, ती गाठी आलेल्या फांदीवर पाय ठेवत, खोडाला पोट घासत वर गेली आणि चिंधीच्या जरा खालच्या फांदीवर जाऊन बसली. मोहोर तिच्या केसांत पडला होता. तिथून तिनं खाली पाहिलं आणि इतकी हसली, की इरावती परीक्षा विसरून तिच्याकडेच बघत राहिली. हेच तर ती शिकवत होती. हेच तर आपल्या पोरीला द्यायचं राहून गेलं होतं.

मग जुई उतरायला लागली. चढताना डोळे पुढे असतात, उतरताना पाय डोळ्यांच्या मागे. अर्धं झाड उतरल्यावर एक पाय खाली सोडून ती पुढची फांदी शोधू लागली. फांदी होती, जराशी डावीकडे. तिचा पाय उजवीकडे चाचपडत होता. देवीदास दोन पावलं पुढे आला. गमछा हातात तसाच. त्याचा आवाज शांत होता, घाई नव्हती. पाय कुठे आहे बेटा, त्यानं विचारलं. बघ बरं, तुझ्या पायाले काय लागते. जुईचा पाय डावीकडे वळायला लागला होता. किंवा वळणार होता. किंवा तसं काही नव्हतंच. कारण नेमकं तेव्हा जुईनं हाक मारली, "आई".

एकच हाक. इरावतीला पुढचं नीट आठवत नव्हतं. ती धावली, पेंढ्यात पाय रुतले, हात वर गेले, आणि जुईची कंबर तिच्या हातात होती. तिनं तिला झाडावरून ओढून छातीशी घेतलं. जुईच्या मुठीत आंब्याची डहाळी तुटून आली होती.

देवीदास जिथं होता तिथंच उभा होता. गमछा पाठीमागे, दोन्ही हातांत. त्यानं तो सोडला नव्हता.

यशवंतरावांनी मुलांना खाली बोलावलं आणि तलावाकडे पाणी प्यायला पाठवलं. मग ते इरावतीजवळ आले. संस्थेचा नियम तिला त्यांनी सांगायची गरज नव्हती, तो तिनंच लिहिला होता. परीक्षक मध्ये पडतो तो फक्त धोका असला तरच. परीक्षकानं हात घातला की सत्र तिथंच थांबलं, आणि थांबलं की उमेदवार नापास धरायची रीत होती.

"धोका नव्हता," इरावती म्हणाली.

"मंग गेलीस काहून?"

तिनं सांगायचा प्रयत्न केला. जागा नीट निवडली होती, फांद्या तपासल्या होत्या, उंची फार नव्हती, खाली पेंढा होता. देवीदासचं काहीच चुकलं नव्हतं. तो बोलत होता तेही बरोबर बोलत होता. चुकलं ते तिचं. ती परीक्षक म्हणून धावली नव्हती, आई म्हणून धावली होती.

"हाताले दोन मालक नसते, बाई," यशवंतराव म्हणाले. रागानं नाही. "आता तू म्हणतेस धोका नव्हता. आपण सारे म्हणू. पण पोट्टी तर तुझ्या कडेवर आहे. ती पडली असती का उतरली असती, ते झाड आता आपल्याले सांगणार नाही."

इरावतीनं देवीदासकडे पाहिलं. तो खाली बसून पेंढा सारखा करत होता, जिथं तिच्या पायांनी खड्डा पडला होता तिथं. तिनं त्याची माफी मागितली. तो म्हणाला, राहू द्या दीदी. मग पेंढ्यावर हात फिरवत म्हणाला, "मी असतो तर मीही धरलंच असतं. माझी बहीण असती, तर." आणि तो हसला. त्या हसण्यात एवढासुद्धा आरोप नव्हता, आणि त्यामुळेच इरावतीला ते सहन होईना. आरोप असता तर तिला काही म्हणता आलं असतं.

ती यशवंतरावांकडे गेली आणि म्हणाली की पोराला नापास करायचं असेल तर आधी मला या विषयावरून काढा. धमकी म्हणून नाही, सरळ हिशेब म्हणून म्हणाली. ज्या नियमानं तो पडतोय तो नियम मी केला, आणि मोडलाही मीच.

यशवंतरावांनी तलावाकडे पाहिलं. मुलं पाण्यात खडे टाकत होती. यशवंतरावांना नोकरीतल्या माणसांच्या अशा बोलण्याची सवय होती, आणि त्यातलं खरं किती हेही ओळखता यायचं. शेवटी ते म्हणाले, "सत्र थांबलं, असं लिहिलं आहे तू. संपलं, असं नाही लिहिलं. पावसानं थांबते तसं धर. थांबलेलं सत्र पुढे चालवता येते. पण झाड तेच, पोरं तीच. सारी."

सारी म्हणताना त्यांनी जुईकडे पाहिलं.

"अन् तू इथं नाही थांबणार," ते म्हणाले. "तिकडे बांधाच्या मागे जाऊन बस. दिसलं नाही पाहिजे तुले. पाहीन मी."

इरावतीनं जुईला कडेवरून उतरवलं. तिच्या समोर उकिडवी बसली. तिचं मन दोन्हीकडून ओढलं जात होतं. एकीकडे देवीदास होता आणि उरल्याची मिल. दुसरीकडे ही, जिच्या गालावर झाडाच्या सालीचा ओरखडा उमटला होता, तो झाडानं नव्हता दिला, ओढताना झाला होता. नाही म्हटलं असतं तर कोणी बोललं नसतं. आईला नाही म्हणायचा हक्क असतो, तो लोक मागायच्या आत देऊन टाकतात.

"देवीदास भैयाकडे जाशील परत?" तिनं विचारलं. "मी तिकडे बसते, पलीकडे."

"तू दिखेगी?"

"नाही. पण आहे मी तिथंच."

जुईनं देवीदासकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं. मग पारातल्या मुलांकडून सकाळीच उचललेला होकाराचा शब्द तिनं वापरला. "हव," ती म्हणाली.

बांधाच्या मागे बेशरमची झुडपं होती आणि त्यांच्या पलीकडे नव्या रस्त्याचा कडेला टाकलेला मुरूम. इरावती एका दगडावर बसली. दर तुकडीला ती एकांताचा एक तास देत असे. प्रत्येकानं रानात एकट्यानं बसायचं, काही करायचं नाही, फक्त ऐकायचं. त्यानंतर वर्गात पोरं काय काय सांगायची. पक्षी, वारा, पानं, कोणाला मेलेली आजी आठवायची. तिनं स्वतः तो तास कधी धड पुरा केला नव्हता, जुई झाल्यापासून तर नाहीच.

आज ऐकू येत होतं. मुलांचा गलका. यशवंतरावांचं खोकणं. कोणीतरी वरून ओरडलं, मला रोड दिसतो. मग हशा. मग एकदम शांत. ती उठली, बांधावर अर्धी चढली, आणि तिथं थांबली. आणखी थोडं वर गेलं की झाड दिसणार होतं. तिथं उभ्या उभ्या तिला कळलं की वर्गात ती जे सांगायची ते सगळं प्रशिक्षकासाठी होतं. जागा तपासा, फांदी हलवा. ज्याला काहीच तपासता येत नाही, ज्याला दिसतही नाही आणि ज्याचं पोर तिथं आहे, त्यानं काय करायचं, हे तिनं कधी सांगितलं नव्हतं. तिला माहीतच नव्हतं ते. दर शिबिराला पोरं पाठवून घरी बसणाऱ्या शेकडो आया तिला आठवल्या. त्यांचे फोन यायचे, जेवला का, सर्दी तर नाही झाली, आणि वर्गात सगळे त्या फोनांची नक्कल करायचे. तीही हसायची त्यांत.

ती खाली उतरली आणि पुन्हा दगडावर बसली. बसणं म्हणजे बसणंच होतं, त्याला काही तत्त्व नव्हतं.

गलका परत सुरू झाला तेव्हा तिनं श्वास सोडला. त्यानंतरचा वेळ कसा गेला ते तिला सांगता आलं नसतं. शेवटी बांधावर यशवंतराव दिसले. त्यांनी वरूनच हात केला, ये म्हणून.

चालता चालता त्यांनी सांगितलं. पारातली मुलं सगळी चढली, उतरली. जुई नाही चढली. झाडापर्यंत गेली, खोडाला हात लावला, वर पाहिलं, आणि मागे येऊन पेंढ्यावर बसली. बसूनच राहिली.

इरावती थांबली. मग देवीदासचं काय, तिनं विचारलं.

तेच तर सांगतो, ते म्हणाले. दुसरा कोणी असता तर त्यानं पोट्टीला चढवायचा घाट घातला असता. चढ बेटा, घाबरू नको, मी आहे ना. परीक्षा आहे म्हटल्यावर घातलाच असता. त्यानं काही नाही केलं. तिच्यापासून जरा दूर बसला, वरच्या पोरांवर लक्ष ठेवून. एक पोट्टी वरून डरपोक म्हणाली हिला, तर तिला रागावला पण नाही. तुला तिथून काय काय दिसते ते सांग म्हणाला, अन् ती सांगत बसली. जुई मोहोर गोळा करत होती. त्यानं विचारलं, काय करून राहिली, तिनं सांगितलं. बस. तेवढंच बोलणं झालं.

"चढणाऱ्याले चढू देणं सारेच शिकते," यशवंतराव म्हणाले. "न चढणाऱ्याले न चढू देणं, हे मी पहिल्यांदा पाहिलं. पास आहे पोट्टा. तुझी सही लागंल."

देवीदास झाडावरची चिंधी सोडत होता. इरावतीनं त्याला सांगितलं तेव्हा तो चिंधीची घडी करत राहिला. मग वळून तिला म्हणाला की मला वाटलं, पोट्टी चढली नाही म्हणजे गेलीच परीक्षा. एकदा वाटलं पण, की उचलून बसवून द्यावं खालच्या फांदीवर, कोण पाहते. पण तुम्हीच सांगितलं होतं ना दीदी, भीती पोराची.

इरावतीनं मान हलवली. ती भीती पोराची नव्हती, हे त्याला सांगायचं तिच्या ओठांवर आलं होतं. सकाळी जुईच्या मनात ती नव्हतीच. पोर झाडावर बसून हसत होती तेव्हाही नव्हती, आईनं ओढून घेतल्यावर आली. पण आजचा दिवस त्याचा होता. वडिलांना फोन लावायला तो बांधाकडे गेला, तिथं रेंज चांगली येते म्हणून, आणि ती नुसती बघत राहिली त्याच्या पाठीकडे.

परतताना ऊन चढलं होतं. स्कूटरवर जुई पुढे उभी होती, रोजच्यासारखी, पण दोन्ही हातांनी आरसा घट्ट धरून. तिच्या केसांत अजून मोहोराचा चुरा होता. रस्ता मोकळा, लांबच लांब, दोन्ही बाजूंना पिंजऱ्यातली झाडं. सकाळी ज्या पोरीनं ढगांनाही सोडलं नव्हतं, ती आता गप्प होती. इरावतीनं बगळे दाखवले. जुईनं पाहिले. भूक लागली का, विचारलं. नाही म्हणाली. आजीला काय काय सांगशील, विचारलं. जुईनं खांदे उडवले.

रिकाम्या चौकात सिग्नल लाल झाला. कुठूनही कोणी येत नव्हतं, तरी इरावतीनं गाडी थांबवली आणि पाय टेकला. हवेत धूळ होती आणि कुठेतरी गवत जळल्याचा वास. तिला वाटलं पोर पेंगतेय. तिनं वाकून तिच्या गालाला गाल लावला, ओरखड्याच्या बाजूनं, हळूच.

जुई पेंगत नव्हती. ती समोरच्या लाल दिव्याकडे बघत होती, आणि कपाळावर तीच बारीक आठी होती जी गणित सोडवताना पडायची. तिनं मान वर करून आईकडे पाहिलं. या वेळी हिंदी नव्हती.

"आई, मी खरंच पडणार होती का?"